म्हादू शिपायाचं खग्रास ग्रहण

एका गावात एक भोळा म्हादू होता. तो शाळेत नुकताच शिपाई लागला होता, पण कच्चा. "खग्रास ग्रहणाचा कार्यक्रम नीट पार पडला तर कायम करू," असं सरपंच म्हणाले होते. बायको शेवंता म्हणाली, "घैसास गुरुजी सांगतील तसंच वागा. आपलं डोकं चालवू नका."

म्हादूला हे फार सोपं वाटलं.

गुरुजी वर्गात सांगत होते, "सूर्यावरचे काळे डाग म्हणजे तिथला थंड भाग." म्हादूनं दारातून ऐकलं. ध्यानात ठेवलं. घरी शेवंता म्हणाली, "अहो, तेवढा तवा उतरवा." म्हादूनं तवा नीट निरखला आणि सगळ्यात काळा होता तिथेच धरला.

सकाळी बोटांना कोरफड लावून तो शाळेत आला.

"अरे, डाग थंड म्हणजे बाकीच्या सूर्याच्या मानानं थंड!" गुरुजी म्हणाले. "तिथंसुद्धा लोखंडाचं पाणी होईल."

"मग कालच सांगायचं ना, गुरुजी."

त्या दिवशी धडा पुढे सरकला. "सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा बाहेरचं वातावरण कितीतरी जास्त तापलेलं असतं." ध्यानात ठेवलं. दुपारी सरपंच आले. "चहा कर रे. कढत पाहिजे." म्हादूनं शेगडी पेटवली आणि चहाचं पातेलं लांब फाटकापाशी नेऊन ठेवलं. वाट पाहून सरपंच तापले. चहा तापला नाही.

गुरुजींनी कपाळाला हात लावला. "अरे, ते सूर्याचं! तसं का होतं ते शास्त्रज्ञांनाही अजून पुरतं कळलेलं नाही. आपल्याकडे ऊब पाहिजे तर वस्तू विस्तवाजवळ न्यायची."

ध्यानात ठेवलं. ग्रहण बघायला मंत्रीसाहेब येणार होते. सरपंचांनी सत्काराची शाल आणली. "उबदार आहे ना रे?" म्हादूला ती गार लागली. त्यानं ती शेगडीवर धरली. मधोमध हे एवढं भोक!

"आता एक जरी घोळ केलास तर घरी बस," सरपंच गरजले.

म्हादू रडकुंडीला आला. "गुरुजी, शेवटचं सांगा. पण पक्कं सांगा."

गुरुजी दुर्बीण पुसत होते. "सूर्याभोवती तेजाचं मंडळ असतं. पण मधल्या लखलखाटापुढं ते दिसत नाही. मधला भाग पुरता झाकला की मगच दिसतं."

ग्रहणाच्या दिवशी मैदान भरलं. साहेबांना उशीर होत होता. ग्रहण थोडं पुढे ढकलता येईल का, असं सरपंचांनी गुरुजींना विचारून पाहिलं. शेवटी साहेब आले. उजेड मंदावत चालला होता, तरी सरपंचांनी माइक धरलाच.

"साहेब म्हणजे आपल्या तालुक्याचा सूर्य! बघा, केवढं तेज आहे त्यांच्याभोवती!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हादूनं वाकून पाहिलं. तेज काही दिसेना. दिसणार कसं? मधलं झाकलंच नव्हतं! तो धावत गेला, स्वयंपाकाची परात घेऊन आला आणि साहेबांच्या तोंडासमोर धरली.

त्याच क्षणी वर चंद्रानं सूर्य झाकला. अंधारलं. आभाळात काळ्या तबकडीभोवती पांढरंशुभ्र तेज फाकलं. सगळ्या मैदानाच्या माना वर झाल्या.

म्हादूनं वर पाहिलं. मग परातीच्या कडेनं पाहिलं. साहेबांचे दोन कान तेवढे दिसले. माइक चालूच होता.

"गुरुजी," तो ओरडला, "वरच्याचं दिसलं! साहेबांचं काहीच दिसत नाही. मोठी परात आणू का?"