परदेशी मासळीची टोपली

फार फार वर्षांपूर्वी, समुद्राला लागून असलेल्या एका राज्यात पोशीबाय नावाची कोळीण बंदरावर मासळी विकायची. तिच्या सासूच्या काळी होड्या काठोकाठ भरून यायच्या. आता नवऱ्याच्या जाळ्यात जेमतेम मूठभर मांदेली सापडायची.

कारण साऱ्या बंदराला ठाऊक होतं. प्रधानाच्या मोठमोठ्या गलबतांची जाळी इतकी बारीक विणीची होती, की बोटाएवढी पिल्लंही सुटत नसत. ती वाळवून प्रधानाच्या बागांत खत म्हणून टाकली जायची. मग बाजारात मासळी कमी पडू लागली, तशी प्रधानाने ती परदेशातून बर्फात घालून मागवली. दरवर्षी परदेशी जहाजं वाढली, गावच्या होड्या घटल्या. राजाला मात्र तो सांगायचा, "महाराज, आपल्या समुद्रात सुकाळ आहे!"

एकदा राजा स्वतः बंदर पाहायला येणार होता. आदल्या दिवशी प्रधानाने परदेशी मासळीची टोपली पोशीबायपुढे ठेवली.

"महाराजांनी विचारलं तर एवढंच म्हण, आज सकाळीच पकडली. बाजारातली सावलीची जागा तुला कायमची."

पोशीबायने टोपली ठेवून घेतली. उन्हात बसून तिची पाठ भाजून निघायची. सावली कोणाला नको असते?

दुसऱ्या दिवशी राजाने विचारलं, "बाई, ही मासळी आपल्याच समुद्रातली ना?"

प्रधान शेजारीच हसत उभा होता. त्याचं ते हसू पाहून पोशीबायच्या मस्तकात तिडीक गेली. तिने माशाचा कल्ला उचलून दाखवला.

"बघा महाराज! ताज्या माशाचा कल्ला लालभडक असतो. हा मातकट पडलाय. आमच्या समुद्राने काही कमी दिलं नव्हतं. यांनी त्याची पिल्लं खरवडून खतात घातली, आणि आता दुसऱ्याची शिळी मासळी आमच्याच तोंडून ताजी म्हणवून घेतात! याला सुकाळ म्हणायचं?"

"खोटं बोलतेय ती!" प्रधान ओरडला.

"मग तुमचं जाळं आणा इथे!" साऱ्या कोळणी एकदम उठल्या.

जाळं आलं. राजाने त्यात करंगळी घालून पाहिली. ती शिरेना.

प्रधानाचं पद गेलं, जाळी जाळली गेली, माशांच्या विणीच्या काळात समुद्र बंद राहिला. दोन वर्षं हाल झाले. लोकांनी पोशीबायलाच बोल लावले. तिसऱ्या वर्षी गावच्या होड्या पुन्हा भरून येऊ लागल्या. एक परदेशी जहाज बंदरात आलं, आणि टोपल्या न उतरवताच परत गेलं.

तात्पर्य एवढंच: आपलं घर ओरबाडून वर भरभराटीच्या गप्पा मारणाऱ्यापुढे गप्प बसणं, म्हणजे त्या ओरबाडण्याला हातभार लावणं.