विरजणाची दोन मडकी

एका गावात सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी हौसा गवळणीच्या हातून विरजणाचं मडकं निसटलं. मांडीवर पडलं म्हणून वाचलं. ते विरजण तिच्या सासूच्या, भागाबाईच्या माहेरचं. चाळीस वर्षं रोजच्या रोज चालत आलेलं. निम्मं गाव दही लावायला ते मागून न्यायचं.

हौसाच्या मनात आलं, आज फुटलं असतं तर? तिनं त्यातलं चमचाभर काढून दुसऱ्या मडक्यात दूध विरजलं. एक गेलं तरी एक राहील.

सासूचं मडकं चुलीजवळ असायचं. दुसऱ्याला तिथं जागा नव्हती, म्हणून हौसानं ते पाण्याच्या माठांमागे गारव्याला ठेवलं. सुरुवातीला दोन्हींची चव एकच. कोणतं कुठलं, सांगता यायचं नाही. पण रोज ज्याचं विरजण त्यातच पडत गेलं, आणि दोन वर्षांत दोघांची चाल वेगळी झाली. चुलीजवळचं दुपारपर्यंत घट्ट, चांगलं आंबट. माठामागचं दुपारी अजून दूधच. ते लागायचं दुसऱ्या दिवशी, पण गोड.

भागाबाई रोज बाराला झाकणं काढून बघायची. म्हणायची, "अगं, हे मडकं तुझ्यावरच गेलंय. आज हाक मारली की उद्या ओ देणार! ओत म्हशीच्या आंबोणात."

"असू द्या ना आत्याबाई. जागा तरी किती खातंय?"

वैशाखात हौसाच्या दोन वर्षांच्या गोदीचं पोट बिघडलं. तीन दिवसांत पोर पार गळून गेली. वैद्य म्हणाले, "दूध बंद. मऊ भात आणि दही द्या. पण पोटात गेलं पाहिजे." भागाबाईनं लगबगीनं आपलं दही आणलं. उन्हाळ्यानं ते इतकं आंबट झालेलं, की गोदीनं पहिला घास थुंकला, दुसराही थुंकला.

हौसानं माठामागचं मडकं ओढलं. कालचं दही नुकतंच लागलेलं. बोटावर घेऊन पोरीच्या ओठाला लावलं. गोदीनं बोट चाटलं. मग तोंड उघडलं. संध्याकाळपर्यंत वाटीभर भात गेला. तिथून चौथ्या दिवशी पोर अंगणात कोंबड्यांमागे धावत होती.

भागाबाईनं पदरानं डोळे पुसले. "चुकले गं. रोज बारालाच झाकण काढत राहिले. आता माझंच मडकं म्हशीला घाल."

हौसानं सासूचे पाय धरले. "असं बोलू नका. पौषातल्या थंडीत माझं तीन-तीन दिवस लागत नव्हतं, तेव्हा तुमच्या मडक्यावर घर चाललं. ते रोजचं काम ओढत होतं, म्हणून माझ्याला सावकाशीनं चालता आलं. नाहीतर मीच ते कधीचं ओतून दिलं असतं."

आता कुणी विरजण मागायला आलं, की भागाबाई आधी विचारते, "घाईचं देऊ, का गोड?"

तात्पर्य: एकातून झालेली दोन कायम सारखी राहत नाहीत. एक जुनं काम सांभाळतं म्हणून दुसऱ्याला नवं जमतं. तेव्हा दोघांचेही उपकार माना, आणि एकाच्या वेळेनं दुसऱ्याला जोखू नका. ज्यांच्या घरी दोन लेकरं आहेत, त्यांना तर हे जरूर सांगा.