केरबाची सॅक

दादा सॅक न घेता कसा काय गेला?

केरबानं हे सगळ्यांना विचारलं. भटजींना विचारलं, ते आभाळाकडं बघायला लागले. न्हाव्याला विचारलं, तो म्हणाला, "डोकं हलवू नकोस." वहिनीला विचारलं, तर ती आत निघून गेली.

गडाच्या पायथ्याला कुरणवाडी नावाचं गाव आहे. तिथं हा भोळा धाकटा भाऊ राहत होता. थोरला भाऊ म्हादबा तापानं गेला. मागं राहिली वहिनी, एक सायकल, आणि ट्रेकच्या पोरांनी दिलेली निळी सॅक. म्हादबा सायकलवरून तालुक्याला जायचा, सॅक भरून सामान आणायचा. रविवारी तीच सॅक दह्यानं भरून गडावर न्यायचा. वर त्यांची झोपडी होती. तिथं वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्यांना पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही विकायची.

आता सॅक केरबाच्या पाठीवर आली.

पहिल्या दिवशी त्यानं बाजार आणला. खाली टोमॅटो, वर बटाटे. घरी पोचेपर्यंत टोमॅटोची चटणी झाली.

"भावजी," वहिनी म्हणाली, "जड खाली, हलकं वर. एवढं ध्यानात ठेवा."

केरबानं ध्यानात ठेवलं. दुसऱ्या दिवशी गड बघायला एक जोडपं आलं. बाई काटकुळी, साहेब चांगले भरलेले. केरबानं साहेबांना पारावर बसवलं.

"तुम्ही इथंच थांबा. जड खाली, हलकं वर. बाई, तुम्ही चला."

"अरे, पाकीट माझ्याकडं आहे!" साहेब ओरडले.

"जड आहे का?"

"आहे!"

"मग तेही खालीच राहू द्या."

जोडपं आल्या पावली परत गेलं. वहिनीनं कपाळावर हात मारला. "अहो, ती सॅक भरायची रीत आहे, माणसं चढवायची नाही! सामानाकडं लक्ष द्या. जे जे हलतं ते आवळून बांधा, म्हणजे काही सांडणार नाही."

केरबानं सॅकचे पट्टे आवळले. बंद आवळले. सायकलवर बसला तर हँडल हलत होतं. इकडं हलायचं, तिकडं हलायचं. केरबानं सुतळी काढली आणि तेही आवळून बांधलं.

गिरणीवरून पीठ घेऊन तो झकास परत निघाला. ओढ्यापाशी रस्ता वळला. केरबा वळला नाही.

ओला चिंब होऊन तो दारात उभा राहिला. सॅकमधून पिठाचा गोळा काढून त्यानं वहिनीच्या हातात दिला.

"वहिनी, मळूनच आणलंय."

म्हादबा गेल्यापासून वहिनी पहिल्यांदा हसली. हसता हसता रडली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "ओलं झालं की आतलं बाहेर काढायचं आणि उन्हात उलटं घालायचं. जा, वाळत टाका."

केरबानं सॅक वाळत टाकली. सकाळी बघतो तर ओट्यावर दह्याची मडकी. हात लावला तर ओली. केरबानं एकेक मडकं उचललं, आतलं बाहेर काढलं आणि उन्हात उलटं घातलं.

"हे काय केलंत?" वहिनी किंचाळली.

"मडकी वाळली," केरबा म्हणाला. "कुत्रं ओलं झालं."

कुत्रं मिशा चाटत होतं.

आता मात्र वहिनी शांतपणे बोलली, आणि केरबाला त्याचीच भीती वाटली. "रविवारी शाळेची सहल येतेय. मी पहाटेच चूल पेटवायला वर जाईन. दही तुम्ही आणा. ते पोचलं नाही, तर झोपडी गावातल्या बबनला चालवायला देते आणि मी माहेरी जाते."

केरबानं हिशेब केला. दादा गेला. वहिनीही गेली तर घरात तो आणि सॅकच.

"वाटेत माकडं आहेत," वहिनी म्हणाली. "सॅक कुठं टेकवू नका. कधी तुमच्या पाठीवर दिली की दादा काय सांगायचे? 'मी सांगेन तेव्हाच सॅक उतरवायची.' तेवढं पाळा."

केरबानं पाळलं. जड मडकी खाली, हलक्या काकड्या वर. पट्टे आवळलेले. माकडांनी दात विचकले, केरबानंही विचकले. घामाघूम झाला, पण टेकला नाही. दही धडपणे वर पोचलं.

"आणलंत!" वहिनीचा चेहरा उजळला. "उतरवा आता."

"दादानं कुठं सांगितलंय?"

"अहो, ते आता..." वहिनी चुलीकडं वळली.

मास्तरांनी सॅक मागून ओढली. केरबानं छातीचा पट्टा घट्ट धरला. पोरं भुकेनं कालवा करत होती. शेवटी एका पोरीनं उभ्या उभ्याच वरची चेन उघडली आणि मडकं काढलं. मग काय! केरबा पंगतीतून वाकून फिरला, पोरांनी त्याच्या पाठीतून दही काढून खाल्लं. एकाही मडक्यात दही उरलं नाही.

सहल उतरून गेली. ऊन कलायला लागलं. केरबाच्या पाठीवर रिकामी सॅक तशीच.

"पुढच्या रविवारीही दही लागेल," वहिनी मडकी विसळत म्हणाली. बबनचं नाव तिनं काढलं नाही. "आता तरी उतरवा की ती!"

"दादानं सांगितलं की लगेच."

"मग विचारा त्यांनाच!" वहिनी करवादली.

हे केरबाला पटलं. तो कड्याच्या टोकाशी गेला. समोर दरीपलीकडं दुसरा कडा होता. केरबानं तोंडाशी हात धरले.

"उतरवू काऽऽ?"

समोरून आवाज आला, "उतरवू काऽऽ?"

केरबा चाट पडला. म्हणजे दादाच्या पाठीवरही सॅक होती! नवीन घेतली वाटतं. आणि गेल्यापासून तो बिचारा ती तशीच घेऊन उभा होता, कारण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

केरबानं छाती भरून श्वास घेतला.

"उतरऽऽव!"

"उतरऽऽव!" दादानंही सांगितलं.

केरबा जरा थांबला. दादा थोरला. आधी त्याला उतरवू दिली. मग आपली उतरवली.