खालच्या पेठेचा नवा वस्ताद

खालच्या पेठेनं वस्ताद बदलला आणि कुंभेरी संस्थानाचा कारभार तीन दिवस बंद पडला!

वस्ताद कुस्तीचा नव्हे, फुटबॉलचा. कुंभेरीत संघ दोनच, वरची पेठ आणि खालची पेठ. श्रीमंत भुजंगराव महाराज वरच्या पेठेचे, त्यामुळे सगळा दरबारही वरच्या पेठेचा. रविवारी दोघांचा सामना. आणि ऐन सामन्याच्या आठवड्यात खालच्या पेठेनं आपल्या बारा वर्षांच्या जुन्या वस्तादाला नारळ देऊन मिरजेकडचा कुणी नवाच माणूस आणला. त्याला दरबारात कुणी पाहिलंही नव्हतं. म्हणूनच मतं भरपूर होती.

"घाबरले!" सेनापती म्हणाले. "हरणारी माणसंच वस्ताद बदलतात."

"आणि बदलल्यावर जिंकायला लागतात," दिवाण म्हणाले. "त्याचं काय?"

"तो म्हणे पोरांना रोज डोंगर चढायला लावतो."

"मग रविवारपर्यंत दमतील!"

"किंवा तयार होतील!"

राजवैद्य म्हणाले, "काही म्हणा, जुना वस्ताद आपल्याला फार सोयीचा होता." यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं आणि दरबारात क्षणभर दुखवट्यासारखी शांतता पसरली. तलावाच्या बांधाला भेग पडल्याची वर्दी घेऊन एक शिपाई पहिल्या दिवसापासून दारात उभा होता. दुसऱ्या दिवशी त्यानंही मत दिलं.

तिसऱ्या दिवशी महाराज गरजले, "पुरे! मला मतं नकोत, माहिती हवी!"

त्यांच्या पायाशी बसून येसाजी जोड्याचं माप घेत होता. महाराजांची नजर खाली गेली.

"येसाजी, दोन्ही पेठांचे बूट तूच शिवतोस ना?"

"व्हय सरकार."

"नव्या वस्तादानं बुटांत काय काय बदलून घेतलं?"

बुटाच्या तळावरून पुढचा खेळ ओळखता येतो, हे कुंभेरीत सगळ्यांना ठाऊक.

"गिऱ्हाइकाच्या बुटाचं बाहेर बोलत न्हाई आमी, सरकार."

"उद्या बारापर्यंत बोलायचं! नाहीतर दुकानाला टाळं!"

येसाजी घरी आला तो भिंतीला टेकून बसला. त्याची मुलगी तुळसा घरापुढच्याच दुकानात बूट शिवत होती. तुळसा जात्याच घाबरट. दाराची कडी वाजली तरी तिच्या हातातली आरी खाली पडायची. बापाचा चेहरा पाहून आरी आधीच पडली.

"आबा, सांगून टाकलं तर?"

"तर खालची पेठ उद्या बूट काढून नेईल. आणि वरची परवा. आज त्यांचं बोलला तो उद्या आमचं बोलेल, म्हणतील. दुकान दोन्हीकडून गेलं, पोरी."

दुकानाच्या डाव्या भिंतीवर खालच्या पेठेचे बूट, उजव्या भिंतीवर वरच्या पेठेचे, मधे गोणपाटाचा पडदा. तीन पिढ्यांत पडद्याच्या एका बाजूची गोष्ट दुसऱ्या बाजूला गेली नव्हती. तुळसानं उजवीकडे पाहिलं. तिथे मखमलीत गुंडाळलेला एकच बूट होता. वरच्या पेठेचे कप्तान म्हणजे खुद्द युवराज. त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा सुजला होता, म्हणून महाराजांनी तो बूट पुढून सैल करून आत कापूस भरायला गुपचूप पाठवला होता.

तुळसानं पडलेली आरी उचलली.

"आबा, उद्या मी जाते."

"तू? तू तर शिपाई दिसला की पळतेस!"

"पळून यायला दुकान तरी राहिलं पाहिजे ना!"

दुसऱ्या दिवशी चोपदारानं काठी आपटली आणि तुळसा इतकी दचकली की तिच्या तोंडून आधी उचकी निघाली, मग मुजरा झाला.

"सांगते सरकार, सगळं सांगते. फक्त हुकूम लेखी द्या."

"लेखी कशाला?"

"तीन पिढ्यांची रीत मोडायची, तर सरकारी शिक्का नको? दुकानाच्या दारावर लावीन."

महाराज खूश झाले. तुळसानं मजकूर सांगितला, दिवाणांनी लिहिला. 'या दुकानात आलेल्या बुटांत जे दिसेल, ते विचारणाऱ्याला सांगावं.' धाडकन शिक्का बसला. तुळसा पुन्हा दचकली, पण कागद तिनं घट्ट धरला.

"उपकार झाले, सरकार. आधी हा दारावर लावून येते. नव्या वस्तादाला वाचता येतं म्हणतात. तो आला आणि त्यानं मखमलीतल्या बुटाचं विचारलं, तर काय..."

महाराज सिंहासनावरून ताडकन उठले.

"कसला मखमलीतला बूट?" दिवाणांनी विचारलं.

"कसलाच नाही! आण तो कागद इकडे! दिवाणजी, लिहा, फक्त महाराजांनाच सांगावं!"

"लिहा की," तुळसा म्हणाली. "ते वाचून खालची पेठ बूट घेऊन जाईल. मग रिकाम्या भिंतीचं काय सांगू, सरकार?"

"मग दारावर लावूच नकोस!"

"दारावर नाही लावत. पण एवढ्या दरबारी मंडळींच्या तोंडांना काय लावू? तीन दिवस ती बंद झालेली नाहीत!"

महाराजांनी दरबाराकडे पाहिलं. दरबारानं छताकडे पाहिलं. महाराजांनी कागदाचे चार तुकडे केले.

"बरं, राहिलं! पण पोरी, एवढं तरी सांग. नवा वस्ताद भारी की जुना?"

"सांगेन की, सरकार! रविवारी संध्याकाळी पाच वाजता, सामना संपला की मैदानावर. दोन्ही पेठांना एकदमच!"

महाराज असे हसले, असे हसले, की खांद्यावरचा शेला खाली आला. ते खरंच हसतायत याची खात्री करून घेऊन मग दरबारही हसला.

त्याच दुपारी दोन हुकूम निघाले. पहिला, येसाजीच्या दुकानाला कुठल्याही महाराजांनी कधीही टाळं लावू नये. आणि दुसरा, रविवारच्या सामन्याला तुळसाची खुर्ची महाराजांच्या खुर्चीइतकीच उंच असावी, आणि ती मैदानाच्या कडेला, बरोबर मध्यरेषेवर मांडावी. बोटभरसुद्धा इकडे नाही की तिकडे नाही!