व्हॅनचा काळा धूर

“मग नवा सेन्सरही खोटंच बोलतोय म्हणायचं का, चाचा?”

हर्षदानं दस्तगीर मिस्त्रींना विचारलं. जयसिंगपूरच्या त्यांच्या शेडपुढे उभी असलेली पिवळी व्हॅन धडधडत होती आणि मागून काळा धूर ओकत होती.

हर्षदा घोरपडे पदवीला पहिली आलेली इंजिनियर. स्वतःचं गॅरेज, दोष शोधणारं महागडं यंत्र, सगळं होतं तिच्याकडे. मूकबधिर शाळेची ही व्हॅन तिनं तीनदा दुरुस्त करून दिली होती. दोनदा धुरातली हवा मोजणारा सेन्सर बदलला होता. आणि काल याच व्हॅनमध्ये सात वर्षांची एक मुलगी चक्कर येऊन पडली. आज ती बरी होती. पण त्रास होत असताना तिला सांगताच आलं नव्हतं.

शेवटी नाइलाजानं ती इथं आली होती.

“यंत्र काय म्हणतं?” चाचांनी विचारलं.

“सेन्सरला धुरात हवा जास्त दिसतेय. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय.”

“आणि धूर काय म्हणतो?”

“पेट्रोल जास्त होतंय.” तिचा आवाज खाली आला. “दोन्ही खरं कसं असेल?”



चाचांनी पोत्याचा जाडसर तुकडा पाण्यात भिजवला आणि तिच्या हातात दिला.

“सायलेन्सरचं तोंड दाब.”

“त्यानं काय होणार?”

“दाब.”

ती मागे उकिडवी बसली आणि दोन्ही हातांनी पोतं सायलेन्सरवर दाबून धरलं. इंजिनाचा आवाज कोंडला. चाचांनी पुढची सीट उचलून खालचं इंजिन उघडं केलं.

“आता ऐक.”

आधी काहीच नाही. मग पुढून, सीटखालून... फुस्... फुस्...

“इंजिनजवळ धुराच्या नळीला चीर गेलीय,” ती पुटपुटली. “तिथून धूर मुलांच्या अंगावर... आणि दोन धक्क्यांच्या मधे बाहेरची हवा नळीत. सेन्सरला तीच हवा दिसते, म्हणून इंजिनात आणखी पेट्रोल जातं.” ती थांबली. “म्हणजे त्याला दिसलं तेच तो सांगत होता. आधीचे सेन्सरही. मी फेकून दिले ते.”

“हो.”

“खरं सांगत होता, आणि तरी चुकत होता?”

“हो.”

तिला उलगडा होईना.

“यंत्राचं ऐकलं, तर ती मुलगी पडली. उद्या माझ्याच कानांनी मला फसवलं तर? मी विश्वास ठेवायचा तरी कुणावर, चाचा?”

इंजिन आचके देऊ लागलं. हर्षदाचे हात तसेच घट्ट दाबलेले होते.

चाचांनी व्हॅनकडे बोट दाखवलं.

“हात काढ,” ते म्हणाले. “तिला श्वास घेऊ दे.”