आडखारच्या बांधाचे वळण

आडखार गावाची खाडीकडील बाजू अर्धा कोस लांबीच्या मातीच्या बांधाने राखलेली आहे. एका अंगाला कांदळवन आणि खारे पाणी, दुसऱ्या अंगाला भातखाचरे. दोरी धरून आखावा तसा हा बांध सरळ येतो. मध्यावर मात्र अचानक गावाच्या बाजूला आत वळतो, वीसएक पावलांचा वळसा घेतो आणि पुन्हा आपल्या रेषेवर जातो. वळशाच्या पोटात भरतीचे पाणी साचून राहते. वळण घ्यावे असा तेथे खडक नाही, जुने झाड नाही, देवस्थानही नाही. बांध सरळ करण्याचा सल्ला गावाला अनेकदा मिळाला. गावाने तो मानला नाही.

या वळणाची हकीकत सांगण्याचा अधिकार एकाच घराला आहे. सध्या तो ऐंशी ओलांडलेल्या पदूबाई पाटील यांच्याकडे आहे. आलेल्या पाहुण्यांना त्या बांधावर घेऊन येतात आणि आधीच बजावतात, “मरजानच्या घरच्यांना हे विचारू नका. ते तुम्हांला चहा पाजतील आणि माझ्याकडंच धाडतील. ज्यानं केलं, त्याच्याच घरानं सांगायचं.”

मरजान हा हबशी. फुटलेल्या गलबताच्या फळीला धरून तो आडखारच्या किनाऱ्याला लागला, असे सांगतात. गावात तेव्हा आगऱ्यांची वस्ती मोठी. वाळूच्या पट्ट्यावर कोळी, आणि तळ्याकाठी शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांची चार घरे. मरजानचा वर्ण, केस, बोली यांपैकी काहीच कोणाशी जुळेना. तरी त्याला चिखलाचे काम अवगत होते. सहा वर्षांत तो बांधावरचा पहिला गडी झाला. गावचे प्रमुख जोमा पाटील यांच्या ओसरीवर तो जेवत असे. पाटलांचा एकुलता एक मुलगा चांगू, नुकताच लग्न झालेला आणि बायको पोटुशी असलेला, त्याच्याशी त्याची विशेष गट्टी होती. ओसरीपलीकडे मात्र त्याला कोणी बोलावले नव्हते.

त्यानंतर सलग तीन वर्षे बांध एकाच जागी फुटला. खाचरांत खारे पाणी शिरले, भात गेले. भगताला विचारले, तेव्हा बांधाला माणूस हवा आहे, असे त्याने सांगितले म्हणे. कोणाचा माणूस, हा प्रश्न पाटलांच्या ओसरीवर निघाला आणि फार वेळ चालला नाही. जोमा पाटील म्हणाले, “त्याच्यासाठी रडणारं इथं कोण आहे?” नाव कोणी उच्चारले नाही. उच्चारण्याची गरजही पडली नाही, हेच या कथेतील पहिले आणि मोठे पाप, असे पदूबाईंचे मत.

चैत्रातील अष्टमीला भरतीचा जोर सर्वांत कमी असतो. त्या दिवशी भर दुपारी, ओहोटीच्या वेळी बांधाची फुटलेली खांड बुजवण्याचे ठरले. खांडीच्या तळाशी उभे राहून वरून पडणारा चिखल पायांनी तुडवण्याचे काम नेहमी मरजानचे. दोन्ही कडांवर ढेकळांचे ढीग रचून बांबूच्या ताटव्यांनी अडवून ठेवले होते. पाटलांनी चार गड्यांना सांगितले, “तळाला काळा उभा असेल. मी हात वर केला की लोटा.”

काम सुरू झाले. थोड्या वेळाने मरजानच्या टाचेत कालवाची शिंप रुतली. रक्त थांबेना. बेताची गंधवार्ता नसलेल्या चांगूने त्याला वर हाकलले. “बस जा तिकडं. आज तुझ्या जागी मी नाचतो, तू नुसता ताल धर.” मरजान हसत कांदळांच्या सावलीला गेला आणि पायाला चिंधी बांधू लागला. पाटील त्या वेळी दुसऱ्या कडेला ताटवे पाहत होते, आणि चारही गडी ढिगांमागे, खांडीचा तळ न दिसणाऱ्या जागी होते. परत आले तेव्हा खांडीच्या तळाशी डोक्यापासून पायापर्यंत खाडीच्या चिखलाने माखलेला एक माणूस खाली मान घालून चिखल तुडवत होता. तो काळा होता. त्या चिखलात उतरणारा कोणीही काळाच होतो, हे पाटलांना जन्मापासून ठाऊक होते.

त्यांनी हात वर केला.

ढीग कोसळले. खांड भरली. कोणी कोणाकडे पाहिले नाही. तेवढ्यात कांदळांतून लंगडत मरजान आला आणि सहज विचारता झाला, “चांगू वर आला का? माझ्या जागी उतरला होता.”

चारही गड्यांची नजर भरलेल्या खांडीकडे गेली. मरजानला तेवढे पुरले. त्याने खांडीत उडी घेतली आणि हातांनी माती उपसू लागला. मग तेच चार गडी उतरले, मागोमाग कोळी, तेली, सारा गाव. पाटील कडेवर तसेच उभे, हात वर. चांगू हाती लागला तेव्हा त्याच्यात प्राण नव्हता. मरजानने त्याचे तोंड धुतले, आणि मग ते ओळखू आले.

बळी घेतला की बांधकाम टिकते, असा अनेक ठिकाणच्या कथांचा शेवट असतो. आडखारची कथा तो नाकारते. बांधाला माणूस मिळाला होता. तरीही त्याच भरतीला उपसलेल्या खांडीतून पाणी आत आले आणि उरलेली खाचरे बुडाली.

पाटलांचा उजवा हात मात्र खाली येईना. मुलाला अग्नी त्यांनी डाव्या हाताने दिला. हाताचे खरेखोटे ऐकणाऱ्याने ठरवावे. पदूबाई त्यावर वाद घालत नाहीत. तेराव्या दिवशी गाव जमला असता पाटील मरजानसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “तिथं तुला गाडायचं होतं. मीच सांगितलं होतं.” एवढे बोलताच हात खाली आला.

मरजान गाव सोडून जाईल, असे सर्वांना वाटले. पण तो म्हणाला, “हात वर करण्याआधी तुम्ही नाव घेतलं असतं, तर चांगू वाचला असता. मलाही गाडायला कुणाचा हात उठला नसता. यापुढं खाली उतरणाऱ्याचं नाव घेत जा.”

पुढल्या अष्टमीला सारा गाव बांधावर आला. चांगू जेथे गाडला गेला त्या जागेवर माती टाकायला एकही हात उचलला गेला नाही. म्हणून बांध आत वळवला. तो पुन्हा फुटला नाही. मरजानची सोयरीक पुढे गावानेच खाडीपलीकडच्या हबशी वस्तीत जुळवली, आणि वरात पाटलांच्या ओसरीवरून आत, माजघरापर्यंत गेली, असे सांगतात.

आजही चैत्रातील अष्टमीला बांधाची डागडुजी होते. चिखलात उतरणारा प्रत्येक जण आपले नाव दुसऱ्या वस्तीच्या माणसाजवळ देऊन उतरतो. आगऱ्याचे नाव तेल्याकडे, कोळ्याचे हबशाकडे. पाटलांच्या घरचे माणूस वळणावर उजवा हात वर करून उभे राहते. मातीच्या शेवटच्या पाटीआधी नावे पुकारली जातात, आणि ज्याचे त्याने वर येऊन ‘आलो’ म्हणायचे असते. पहिले नाव मरजानच्या घराचे. यंदा ते पदूबाईंकडे होते, आणि वळणावर वर केलेला हातही त्यांचाच. “याकूब वर आला का?” त्यांनी विचारले. चिखलाने माखलेला एक गडी कडेवर चढत म्हणाला, “आलो, आजी. हात दुखला असेल, खाली घ्या आता.”

“गप,” त्या म्हणाल्या, “अजून बाकीचे यायचेत.”