चिंचेवरची तार

"मग तार ताणली, त्यात माझं काय चुकलं, बाबा?"

टेकडीवरच्या तकियात, फकिराच्या त्या मठीत, निरंजन मोहिते नूरबाबांपुढे बसला होता. इंजिनीअर असल्याचा त्याला भारी तोरा. उच्चदाबाची नवी लाइन त्याच्या हाताखाली उभी राहत होती. ती सुरू झाली की दरीपलीकडच्या चाळीस गावांचे मिणमिणते दिवे नीट लागणार होते.

दोन मनोऱ्यांमधली शेवटची तार तेवढी पक्की करायची राहिली होती. ती नेमकी तकियाच्या अंगणातल्या बाबांच्या चिंचेवरून जात होती.

"तार सैल सोडली, तर ती शेंड्याला टेकते. झाड तोडावं लागेल. मी ती ताणून वर उचलली. तुमचं झाड वाचवलं! आणि दौलत मिस्त्री म्हणतो, पौषाच्या थंडीत तार आखडेल, तुटेल, खालच्या वाटेवर माणसं मरतील. गडी कामाला हात लावत नाहीत. तुम्ही एक शब्द टाका..."

बाबांनी डोळे मिटले.

वैशाखातली संध्याकाळ. वाऱ्यावर तार गुणगुणत होती. समोरचे डोंगर धुरकट झाले होते, पाण्यावर तरंगत असल्यासारखे. निरंजनलाही पेंग येऊ लागली.

तेवढ्यात दौलतची सून हौसा रडतं पोर घेऊन आली.

"बाबा, ह्याला कुठं निजवू?"

बाबांनी खांद्यावरची चादर निरंजनकडे टाकली.

"झोळी बांध."

निरंजनने बांधली. एक टोक चिंचेच्या फांदीला, दुसरं तकियाच्या खांबाला. एक सुरकुती राहू दिली नाही. मागे सरून त्याने आपलं काम कौतुकाने पाहिलं.

हौसाने चादरीवर तळवा दाबला आणि तिला हसूच फुटलं.

"अगं बया! सायेब, ही झोळी न्हाई, फळी झाली. पोर गडगडंल की!"

तिने दोन्ही गाठी सैल केल्या. चादर खाली झुकली. पोर आत गेलं, दोन झोके, आणि गप्प.

निरंजन चादरीकडे बघत राहिला. मग त्याने वर तारेकडे पाहिलं, खालच्या वाटेकडे पाहिलं, आणि चरकला. शाळेची पोरं रोज तिथूनच जात.

"बाबा... सैल सोडली, तर चिंच..."

"मी आलो तेव्हा एवढीशी होती." बाबांनी गुडघ्याजवळ हात धरला.

झाड वाचवल्याचं पुण्य गाठीला हवं होतं निरंजनला. आता त्याची लाज वाटली.

"गड्यांना आत्ताच बोलावू?" त्याने कसंबसं विचारलं.

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. अंधारून येत होतं. चिंचेची पानं झोपेसाठी एकेक करून मिटत होती.

बाबा उठले. खोडावर हात ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले...

"सकाळी तू तार सैल सोड, बेटा. तोडण्याआधी झाडाला मी उठवीन."